पलीकडचा फुटपाथ

डोक्यावर खुर्ची उलटी धरून ती तरातरा निघाली होती. खुर्चीचे चारही पाय आभाळाकडे, आणि पाऊस वेताच्या जाळीतून गाळून गाळून तिच्या केसांत उतरत होता. पण तिला त्याचं काय! डोक्यात एवढी आग होती, की पाणी पडताक्षणीच वाफ होत असेल.

"हात कसे धजले मेल्यांचे... विचारलं का कुणाला? वर म्हणे तुमच्याच भल्यासाठी!"

हे सगळं ती खुर्चीला सांगत होती, त्यामुळे वळणावरून येणारी छत्री तिला दिसली नाही. छत्रीखालच्या माणसालाही ती दिसली नाही, कारण तो डबकी चुकवण्यात गुंतला होता. खुर्चीचा पाय छत्रीच्या काड्यांत शिरला, छत्री फर्रकन उलटी झाली आणि दोघं एकमेकांसमोर निथळत उभी राहिली.

"दिसत नाही का हो?"

"खुर्चीखालून कुणी चालत येईल, असं... वाटलं नव्हतं."

"मग काय खुर्चीवरून चालत यायला हवं होतं?"

तो हसला. चुकीच्या वेळी हसला, पण छान हसला.

"हसू नका. आज माझा हसायचा दिवस नाही."

"बरं, नाही हसत. धरू का जरा? जड असेल."

"वेताची आहे. जड माझं डोकं झालंय."

"पण भिजतेय ना—"

"कोण? मी की खुर्ची?"

तो क्षणभर अडखळला. "...दोघीही."

तिने खुर्चीखालून नीट वर बघितलं. चष्म्यावर पावसाचे थेंब, त्यामागे जरा गोंधळलेले डोळे, आणि हातात छत्रीचा सांगाडा. "वेताला पाण्याची भीती नसते," ती म्हणाली. "भिजल्याशिवाय तो वाकतच नाही. आणि माझी काळजी करायची असेल तर रांगेत उभे राहा. माझ्या आत्याचा नंबर पहिला आहे."

"एवढ्या पावसात खुर्ची नेताय कुठे?"

"कोपऱ्यावर. बाकाच्या जागी ठेवायला."

"बाकाच्या... जागी?" त्याचा चेहरा एकदम उतरला. "म्हणजे बाक कुठे गेला?"

"काढला! काल भरदिवसा आले, बोल्ट उपटले आणि गाडीत घालून घेऊन गेले. म्हातारी माणसं बसायला आली तर खाली नुसती भोकं!"

खिशात गेलेल्या त्याच्या हातातून नुसता एक बारीक आवाज आला... टक. टक. मग त्याने मोडकी छत्री तिच्या खुर्चीवर धरली आणि मुकाट तिच्याबरोबर चालू लागला. त्या छत्रीने ना तो झाकला जात होता, ना ती, ना खुर्ची. तरी धरून होता.

भला दिसतो, असं तिच्या मनात आलं. पावसात कुणाबद्दल असं मनात येऊ देऊ नये; पण हे शहाणपण पाऊस थांबल्यावरच सुचतं.

*

तो बाक म्हणजे काही सोन्याचा नव्हता. लाकडी फळ्या, लोखंडी पाय, एका हाताला गंज. पण आत्याच्या गुडघ्यांचं सगळं गणित त्या बाकावर उभं होतं. घरापासून बाकापर्यंत एक दम, बाकापासून वाचनालयापर्यंत दुसरा. मधे बाक होता, म्हणून आत्या रोज वाचनालयात जायची, तिथल्या बाईंशी वाद घालायची आणि तरतरीत होऊन परत यायची. आता मधला दम टाकायला जागाच नाही, म्हटल्यावर वाचनालय जणू परगावी गेलं.

आणि आत्या एकटी का होती तिथे? घड्याळं दुरुस्त करून निवृत्त झालेले घड्याळकाका खिशात बारीक पेचकस घेऊन बसायचे. येणाऱ्याजाणाऱ्याची घड्याळं तिथल्या तिथे चालू व्हायची. शाळेच्या बसची वाट बघणारी पोरं बाकावर बसलेल्या टीचरबाईंच्या तावडीत सापडायची आणि पाढे म्हटल्याशिवाय सुटायची नाहीत. कामावर जाणाऱ्या बायका घराच्या किल्ल्या आत्याच्या पिशवीत टाकून जायच्या. त्या कोपऱ्यावर कुणाचं भांडण रंगायच्या आतच आत्या त्यात पडायची, आणि मग भांडणारे दोघं मिळून आत्याशी भांडायचे. याला लोक बसणं म्हणतात!

बाकाच्या जागी आता फुटपाथवर पिवळ्या रंगात पावलं रंगवली होती, आणि वर फलक— 'थांबू नका, चालत राहा!' फलकावर एक आजी-आजोबा पांढरे बूट घालून धावत होते. घड्याळकाकांनी आजोबांचे दात निरखून बघितले आणि निकाल दिला, "हा म्हातारा नाही. याच्या डोक्याला पीठ फासलंय."

आई-वडिलांच्या माघारी आत्यानेच या खुर्चीवाल्या मुलीला वाढवलं होतं. खुर्च्या विणायचं दुकान पुढे, राहायच्या खोल्या मागे. तिचं नाव काहीही असो, आत्या तिला ठमी म्हणायची आणि बाकी सगळे वेतवाली. बाक गेल्यापासून आत्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसू लागली. "बरं आहे इथंच," एवढंच म्हणायची. चहा गार झाला तरी कुरकुर नाही, भाजी खारट झाली तरी शब्द नाही. ठमीने मुद्दाम दोनदा खारट करून बघितली!

आत्या भांडेनाशी झाली, तेव्हा मात्र ठमी घाबरली. हळूहळू विझत जाणारी माणसं तिने गल्लीत बघितली होती. आधी बाहेर जाणं सुटतं, मग बोलणं, मग जेवण. आणि नंतर सगळे म्हणतात, वयच झालं होतं हो!

म्हणून ती रोज कोपऱ्यावर खुर्च्या नेऊन ठेवायची. आणि रोज दुपारी नगरपालिकेच्या कार्यालयाची गाडी येऊन 'रस्त्यात अडथळा' म्हणून त्या उचलून न्यायची.

*

छत्रीवाला आठ-दहा दिवसांनी दुकानात आला. हातात खुर्ची.

"ही जरा... विणायची होती."

तिने खुर्ची उजेडात धरली. जाळीच्या मधोमध भोक. तिने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं, मग त्याच्याकडे बघितलं. "बसून बसून वेत झिजला की त्याच्या कडा पिंजतात. ही कड कशी स्वच्छ आहे बघा."

"हो का?"

"ब्लेडने कापलंत की कात्रीने?"

त्याचे कान लाल झाले. "...कात्रीने."

"चांगली खुर्ची होती. लाज नाही वाटली?"

"वाटली. पण मोडलेलं काहीतरी आणल्याशिवाय तुमच्या दुकानात यायचं कसं, ते सुचेना."

तिने हसू दाबायला तोंडात वेताची पट्टी धरली. "काय करता तुम्ही? खुर्च्या कापण्याव्यतिरिक्त?"

"संशोधन. म्हणजे... वयस्क माणसं आपल्याच घरात, आपल्याच गल्लीत म्हातारी होत असताना कशात गुंतलेली राहतील, त्याचा अभ्यास." हे सांगताना तो तिच्याकडे नाही, जमिनीकडे बघत होता. खिशात पुन्हा टक टक झालं.

"अगंबाई! मग तुम्ही आमच्याच बाजूचे!"

"मला... व्हायचंय," तो म्हणाला.

आतून आत्याचा आवाज आला. किती दिवसांनी आला! "कोण आहे गं ठमे?"

"खुर्ची विणायला आलेत, आत्या."

"विणायला आलेत की उसवायला? आत पाठव बघू."

तो आत गेला. आत्याने त्याला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं, चष्मा पुसून पुन्हा निरखलं आणि म्हणाली, "बस. उभी माणसं मला आवडत नाहीत." त्यानंतर तो दर एक-दोन दिवसांनी येऊ लागला. आधी खुर्चीचं निमित्त, मग तेही नाही. एकदा घडीचं स्टूल घेऊन आला. आत्याला म्हणाला, "चला वाचनालयात. तुम्ही जिथे म्हणाल तिथे हे उघडतो."

आणि आत्या निघाली! पुढे आत्या, मागे स्टूल घेऊन तो. चार पावलं झाली की आत्या हात वर करायची, तो झटकन स्टूल मांडायचा, आत्या महाराणीसारखी बसायची आणि रस्त्यावरच्या कुणाला तरी बोल लावायची. दाराशी उभी राहून ठमी बघत राहिली. तेवढ्यात त्याने मागे वळून बघितलं. तिने घाईघाईने वेत ओवायचा टोचा उचलला आणि नसलेल्या भोकात खुपसला.

"हा माझा चालता बाक," आत्याने परतल्यावर जाहीर केलं. "मोजणीदार म्हणायचं याला. खिशात सारखं काहीतरी मोजत असतो."

"काय मोजता हो?" ठमीने विचारलं.

"सवय आहे... घाबरलो की दाबतो." त्याने मुठीत मावेल एवढं यंत्र काढून दाखवलं. वर एक बटण. दाबलं की आकडा पुढे सरकतो.

"मग आज काय आकडा?"

"तुमच्यासमोर बसलो की तो फार पुढे जातो," तो म्हणाला आणि त्याचे कान पुन्हा लाल झाले. दुकानाबाहेर पाऊस नव्हता, तरी तिला अंगावर शिरशिरी आल्यासारखं वाटलं.

*

गाडीने घड्याळकाकांची स्वतःची, घरून आणलेली खुर्ची उचलून नेली, त्या दिवशी ठमीने दुकानाचं दार ओढलं आणि ती मोजणीदाराकडे वळली. "चला कार्यालयात. तुम्ही शिकलेले आहात, तुमचं ऐकतील."

"आधी मला तुम्हाला काहीतरी—"

"वाटेत सांगा."

वाटेत तीच बोलत होती. कार्यालयाच्या जिन्यावर त्याने तिची ओढणी धरून तिला थांबवलं. "ऐकून घ्या ना एकदा! तो बाक—"

"तो बाक आणूनच परत जायचं!" ओढणी सोडवून ती दोन-दोन पायऱ्या चढत वर पोचलीसुद्धा.

साहेब गुबगुबीत, गरगर फिरणाऱ्या खुर्चीत बसले होते. तिच्याकडे त्यांनी बघितलंच नाही. तिच्या मागून आत आलेल्याकडे बघून मात्र ते अर्धवट उठले. "अरे या, या! तुमचीच आठवण काढत होतो. काय अभ्यास केलात हो! वयस्क माणसं कोपऱ्यावर तासन्‌तास निष्क्रिय बसून असतात, हे तुम्ही दाखवून दिलंत म्हणून तर आम्हाला दिशा मिळाली. बसायची सोयच ठेवली नाही, म्हणजे चालतील! सगळ्या कोपऱ्यांवरचे बाक काढतोय आता."

खोलीतला पंखा फिरत होता. ठमीने हळूच मान वळवली.

तो पांढराफटक पडला होता. "मी तसं म्हटलं नव्हतं, साहेब. बसणं कमी करायला हवं एवढंच..."

"तेच की!"

ती आधी साहेबांकडे वळली. "तुम्ही दिवसभर या खुर्चीत बसता. तुमची खुर्ची अजून कशी नाही काढली? चालला असतात चार पावलं, तर आमच्या कोपऱ्यापर्यंत तरी आला असतात." आणि ती तडक बाहेर पडली.

जिन्यावर त्याने तिला गाठलं.

"मी सांगणार होतो. पहिल्या दिवसापासून—"

"पहिल्या दिवशी तोंडात काय धरलं होतं?"

"भीती. तुम्ही इतक्या चिडला होतात, आणि मी... मला तुमच्याशी अजून बोलायचं होतं." तो भराभर बोलू लागला. "मी समोरच्या फुटपाथवर उभा राहायचो, त्या बंद दुकानाच्या शटरपाशी. माझ्यामुळे त्यांचं वागणं बदलू नये म्हणून लांबून बघायचं, अशी पद्धत असते. कोण चालतं, कोण उभं राहतं, कोण बसतं. बसलं की निष्क्रिय. किल्ल्या, पाढे, भांडणं... लांबून ऐकू येत नव्हतं काही. दिसत होती फक्त बसलेली माणसं."

"मधे रस्ता केवढा होता?" ती गर्रकन वळली. "समुद्र होता का मधे? ओलांडून येऊन शेजारी बसायला काय झालं होतं तुला? माझी आत्या भिंतीकडे बघत बसली, ती तुझ्या पद्धतीमुळे! आणि वर स्टूल घेऊन आलास! आधी पाय काढून घ्यायचे आणि मग कुबडी भेट द्यायची! पुन्हा दुकानाची पायरी चढू नकोस. तुझ्या कापलेल्या खुर्च्या दारात ठेवते, घेऊन जा."

ती जिना उतरून रस्त्यावर आली तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. आपण त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हणालो. तेही अशा वेळी! तिला स्वतःचाही राग आला.

*

घरी येऊन तिने आत्याला सगळं सांगितलं. सांगताना वेत इतक्या जोरात ओढला की पट्टी तुटली.

आत्या शांतपणे ऐकत होती. "मला ठाऊक होतं."

"काय?"

"पहिल्या दिवशीच ओळखला. रोज उभा असायचा समोर शटरपाशी. मला वाटायचं तुला बघायला येतो. तू दुपारी चहा घेऊन आलीस की याच्या हातातला चाळा थांबायचा."

"आणि तू बोलली नाहीस?"

"तो सांगतोय का, ते बघत होते. आणि खरं सांगू? स्टूल बरं होतं."

"आत्या, त्याने तुझ्यावर निष्क्रिय असा शिक्का मारला! तू, जिने मला—"

"मारला. चिडले मी. अजून चिडलेय." आत्याने गुडघ्यांवर हात ठेवले. "पण ठमे, माझा टोचा कुठे आहे?"

टोचा वरच्या फळीवर होता, डब्याच्या मागे. मागच्या वर्षी आत्याच्या बोटात घुसला, रक्त आलं, तेव्हा ठमीनेच तो काढून ठेवला होता. आता तू आराम कर आत्या, म्हणाली होती. दुकानातली आत्याची बैठकही उचलून मागच्या खोलीत ठेवली होती. किती मायेने ठेवली होती!

"हे दुकान मी उभं केलं," आत्या म्हणाली. "बोटात टोचा गेला म्हणून मला कुणी दुकानातून उठवलं नव्हतं कधी. त्याने मला लांबून बसलेली बघितली. तू मला जवळून बसवून ठेवलीस. त्याला जिना भरून बोललीस ना? थोडं स्वतःसाठी ठेवायचंस."

ठमीला बोलायला खूप होतं. पण तोंड उघडलं तर रडूच आलं. आत्याने ते येऊ दिलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "भिजलीस का नीट? आता वाक. नि तो डबा काढ खाली."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या दुकानात आपल्या जुन्या बैठकीवर होती. सुईत दोरा ओवताना करतात तसे डोळे बारीक करून वेत ओढत होती आणि ठमीच्या विणीला नावं ठेवत होती. तेवढ्यात घड्याळकाका धापा टाकत आले.

"तुमचा मोजणीदार वेडा झालाय! कोपऱ्यावर, त्या पिवळ्या पावलांवर मांडी घालून बसलाय. म्हणतो, बाक परत येईपर्यंत उठणार नाही."

"बसू दे," ठमी म्हणाली. हातातला वेत मात्र खाली पडला.

"मी नाही बसू देणार एकट्याला," आत्या म्हणाली. "खुर्ची घे."

ठमीने खुर्ची डोक्यावर घेतली. आत्या चार पावलं चालायची, ठमी खुर्ची मांडायची, आत्या बसायची, पुन्हा निघायची. कोपऱ्यावर पोचल्या तेव्हा तो खरंच बसला होता. कपडे धुळीने माखलेले, चष्मा वाकडा, आणि शेजारी टीचरबाई पायजमा-सदऱ्यातल्या त्या संशोधकाला विचारत होत्या, "पाढे येतात का?" मग घड्याळकाका खुर्ची घेऊन आले. समोरच्या घरातून दोन स्टुलं आली, कुणाची तरी झोपायची चटई आली.

दुपारी गाडी आली. गाडीवाल्याने रिकामी स्टुलं उचलायला हात घातला, तर त्यावर माणसं बसली. तो आत्यापाशी आला.

"आजी, उठा. खुर्ची न्यायचीय."

"ने की. मी बसलेय ती धरून ने."

"असं कसं उचलू?"

"का रे बाबा? बाक उचललास तेव्हा जोर होता ना?"

गाडीवाल्याने डोकं खाजवलं आणि साहेबांना बोलावणं धाडलं. साहेब आले, चक्क चालत आले. गर्दी बघून आवाज मऊ केला. "आजी, आम्ही सगळं तुमच्या भल्यासाठीच—"

"माझं भलं ठरवताना मला विचारायला कोण आलं होतं?" आत्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. वाचनालयातल्या बाई खिडकीत आल्या. "चालत राहा म्हणता! अहो, मधे टेकायला मिळत होतं म्हणून मी चालत होते. बाक काढलात तसं माझं चालणं उचलून नेलंत तुम्ही! इथे बसून मी गल्ली सांभाळत होते. घरी बसवलीत, तर मी फक्त म्हातारी झाले!"

कुणी टाळी वाजवली नाही. घड्याळकाकांनी नुसती आपली खुर्ची आत्याच्या खुर्चीला भिडवली.

मग मोजणीदार उभा राहिला. "साहेब, तो निष्कर्ष मी मागे घेतलाय. काल आमच्या संशोधन विभागात जाऊन सांगितलं की माझी बघण्याची जागाच चुकली होती. त्यांनी मला या कामातून काढलंय. पण निष्कर्ष आता तुम्हाला वापरता येणार नाही."

"अहो, पण फलक छापून झालेत!" साहेब कळवळले.

ठमी त्याच्याकडे बघत होती. काम गेलेला, धुळीने माखलेला, चष्मा वाकडा. त्याने एकदाही तिच्याकडे बघितलं नव्हतं. तिने बघावं म्हणून तो बसलाच नव्हता, हे तिला तेव्हा कळलं, आणि राग कुठून गळायला लागला ते मात्र कळलं नाही.

*

बाक परत आला. लगेच नाही, रोज कोपऱ्यावर माणसं बसत राहिली, गाडी रोज रिकामी जात राहिली, आणि एक दिवस भरून आली. गोदामात आदळआपट होऊन बसायच्या फळ्या फुटल्या होत्या. नव्या फळ्यांसाठी मंजुरी लागेल, असं साहेबांनी कळवलं. आत्या म्हणाली, "मंजुरी मिळेपर्यंत मी वर जाईन. ठमे, वेत भिजत घाल."

म्हणून त्या दिवशी संध्याकाळी बाकाच्या मोकळ्या चौकटीवर आत्या जाळी विणत होती. टोचा तिच्या हातात, पट्ट्या ठमीच्या. अंगावर येईल न येईल असा पाऊस भुरभुरत होता. ठमीने मान वर केली, तर समोरच्या फुटपाथवर, बंद शटरपाशी, तो उभा होता. हातात दुरुस्त केलेली छत्री. पाय पुढे टाकावा की नाही, या विचारात.

"उभा आहे बघ," आत्या मान वर न करता म्हणाली.

"दिसतोय."

"मग?"

ठमी उठली. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "रस्ता ओलांडता येत नाही का तुला?"

त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. वाहन एकही नव्हतं. तरी त्याला ओलांडायला वेळ लागला. तो समोर आला, छत्री तिच्यावर धरली आणि म्हणाला, "पायरी चढू नको म्हणाली होतीस. इथे पायरी नाही, म्हणून आलो."

"कधीपासून उभा होतास?"

"आज... की आधीपासून?" तो अडखळला. "खरं सांगतो. अभ्यास संपला, तरी मी तिथे येत होतो. तू दुपारी चहा घेऊन यायचीस. तू आलीस की माझी मोजणी चुकायची. मला तू... म्हणजे मी तुला... लांबून बघणं सोपं असतं गं. जवळ येऊन सांगायचं धाडस नव्हतं."

"आणि आता?"

"आता काम नाही, पद्धत नाही. नुसता मी आहे. मला तू आवडतेस. तुझ्या रागासकट. रागात का होईना, तू मला 'तू' म्हणालीस, त्या जिन्यावर उभा राहून मी तेवढंच आठवत होतो."

"इतकं बोलले, त्यातलं तेवढंच ऐकलंस?"

"बाकीचं खरं होतं. ते पाठ आहे."

तिने ओठ चावला. अजून थोडा राग शिल्लक होता. पुढे कधीतरी उपयोगी पडेल म्हणून तिने तो जपून ठेवला. मग पाण्यातून एक पट्टी काढली आणि तिचं टोक त्याच्या हातात दिलं. ओल्या वेताखाली तिची बोटं त्याच्या बोटांना लागली... आणि तिथेच राहिली.

"धर. घट्ट ओढून धर."

"कुठपर्यंत?"

"वाळेपर्यंत. ओला असतो तोवर वेत वळवाल तिकडे वळतो. वाळला की आपोआप आवळतो. मग सुटत नाही."

"मी थांबतो," तो म्हणाला.

"उभा नको. बस."

तो बाकाच्या विणून झालेल्या टोकाला बसला. तीही बसली. छत्री एकच होती, त्यामुळे जवळ बसावं लागलं, नाइलाज होता.

टक.

दोघांनी चमकून बघितलं. मोजणीचं यंत्र आत्याच्या हातात होतं. त्याच्या खिशातून ते कधी काढलं, देव जाणे.

"काय मोजतेस गं आत्या?"

"तो तुझ्याकडे किती वेळा बघतो ते," आत्या म्हणाली आणि टोचा दुसऱ्या भोकात घातला. "चालू द्या तुमचं. मी नुसती बसलेय."

टक. टक.